अंतर्जात, पण नेमके कशाच्या आत?

मराठवाड्यातल्या सार्वजनिक चर्चेत एकच प्रश्न वेगवेगळ्या वेशांत येत राहतो. किल्लारीचा भूकंप जमिनीच्या पोटातून आला की धरणाच्या पाण्याने आणला, दुष्काळ आभाळाने दिला की आमच्याच उसाने ओढवला, शेतकऱ्याने जीव दिला तो कर्जापायी की मनाच्या आजारापायी, अशा सगळ्या वादांत विचारणाऱ्याला खरे तर एवढेच ठरवायचे असते की कारण आतले होते की बाहेरचे. ते एकदा ठरले की जबाबदारी कोणाची हेही ठरले, असे आपण गृहीत धरतो. आतून उपजलेल्या गोष्टीसाठी विज्ञानात ‘अंतर्जात’ ही संज्ञा आहे आणि बाहेरून आलेल्यासाठी ‘बहिर्जात’. डॉक्टर आणि अर्थशास्त्राचे प्राध्यापक त्यांना एन्डोजिनस आणि एक्झोजिनस म्हणतात, शाळेच्या भूगोलात त्याच अर्थाने अंतर्गत हालचाली आणि बाह्यप्रक्रिया असे शब्द येतात. या संज्ञा कारण कुठे आहे ते सांगतात, दोष कोणाचा ते सांगत नाहीत. आपल्या प्रशासनाने मात्र त्यांचा निवाडा करून टाकला आहे आणि त्याचा सर्वात मोठा भार या विभागातल्या शेतकरी कुटुंबांवर पडतो आहे, असे माझे मत आहे.

या संज्ञेचा इतिहासच सावध करणारा आहे. ती रूढ झाली वनस्पतिशास्त्रात. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ ओगुस्तँ पिराम द कांदोल याने १८१३ मध्ये झाडांचे दोन मोठे गट पाडले. ज्यांच्या खोडाला बाहेरच्या बाजूने थरावर थर चढतात ती बहिर्जात, आणि ताडामाडासारख्या ज्या झाडांचे नवे लाकूड खोडाच्या गाभ्यात तयार होऊन बाहेर ढकलले जाते अशी समजूत होती ती अंतर्जात. पुढे ह्यूगो फोन मोल याच्या निरीक्षणांतून ताडाचे खोड अशा रीतीने वाढतच नाही हे दिसून आले, आणि वर्गीकरणातून ते नाव हळूहळू मागे पडले. आतून येते असे वाटले म्हणून दिलेले नाव खोड कापून पाहिल्यावर टिकले नाही. कापून पाहण्याआधी नाव देण्याची घाई मात्र पुढच्या अनेक शास्त्रांत या शब्दाबरोबर गेली.

शब्द नीट वापरला तर तो किती नेमका असतो, याचे चांगले उदाहरण मधुमेहाच्या तपासणीत मिळते. स्वादुपिंडात इन्सुलिन तयार होताना एका मोठ्या रेणूचे तुकडे होतात आणि इन्सुलिनच्या प्रत्येक रेणूबरोबर सी-पेप्टाइडचा एक रेणू रक्तात सुटतो. सुईने टोचलेल्या इन्सुलिनमध्ये हा तुकडा नसतो. त्यामुळे रक्तातले सी-पेप्टाइड मोजले की रुग्णाचे स्वतःचे, म्हणजे अंतर्जात, इन्सुलिन किती आहे याचा अंदाज येतो. इथे ‘आत’ म्हणजे रुग्णाचे शरीर, ही सीमा स्पष्ट आहे आणि दाव्यामागे चाचणी उभी आहे. अर्थशास्त्रात तर ही शिस्त व्याख्येतच आहे. जी राशी प्रतिमानाच्या, म्हणजे गणिती मॉडेलच्या, आतल्या समीकरणांतून ठरते ती अंतर्जात, जी बाहेरून दिलेली धरली जाते ती बहिर्जात. रॉबर्ट सोलो यांच्या आर्थिक वाढीच्या १९५६ च्या प्रतिमानात तांत्रिक प्रगती बाहेरून आलेली होती. पॉल रोमर यांनी पुढच्या पिढीत तीच प्रतिमानाच्या आत आणली. प्रगती तीच राहिली, फक्त सीमारेषा हलली. म्हणून ‘हे अंतर्जात आहे’ असे कोणी म्हणाले की पहिला प्रश्न असा हवा की कशाच्या आत, आणि दुसरा असा की ते कसे तपासले.

सीमा स्पष्ट असली तरी निसर्ग दोन कप्प्यांत बसतोच असे नाही. १७२९ मध्ये द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखे एक झाड अंधारात ठेवले, तरी त्याची पाने दिवसाच्या वेळी उघडत आणि रात्रीच्या वेळी मिटत राहिली. सजीवांच्या आतल्या घड्याळाच्या अभ्यासाची सुरुवात या प्रयोगापासून धरतात. पण ते घड्याळ बरोबर चोवीस तासांचे नसते, त्याला रोज सूर्यप्रकाशाने जुळवून घ्यावे लागते. लय आतली आणि वेळ बाहेरची. या झाडाच्या पाने मिटण्यात आतला वाटा किती टक्के, असे विचारणेच चुकीचे ठरेल.

आता आपल्या भागाकडे येतो. जालना जिल्ह्याच्या हद्दीला लागून, बुलढाण्यात, लोणारचे विवर आहे. जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचा हा खड्डा दख्खनच्या बेसाल्टमध्ये आहे. बेसाल्ट हा ज्वालामुखीचा खडक, तेव्हा खड्डाही ज्वालामुखीचाच, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून घडलेला, असे बराच काळ मानले गेले. सभोवतालचे सगळे आतून आलेले असल्यावर खड्डाही आतलाच वाटणार, हे समजण्यासारखे आहे. निर्णय झाला तो खडकाच्या कणांवरून. प्रचंड आघाताच्या दाबाखाली फेल्डस्पार या खनिजाचे काचेत रूपांतर होऊन बनणारे मॅस्केलिनाइट तिथल्या नमुन्यांत सापडले, आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानंतर लोणार हे अशनीच्या आघाताने झालेले, म्हणजे बहिर्जात, विवर आहे हे मान्य झाले. दीडशे वर्षे चाललेला वाद पुराव्याने मिटला आणि त्यात कोणाची नुकसानभरपाई अडकली नव्हती, म्हणून तो शांतपणे मिटला असे मला वाटते.

किल्लारीचे तसे नव्हते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र नुकतीच सरली असताना, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. भूगोलाच्या कोणत्याही पुस्तकात भूकंप अंतर्जात शक्तींच्या यादीत असतो आणि इथेही ते बरोबरच आहे. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे रेटला जात असल्याने त्याच्या आतल्या भागातही ताण साठतो, आणि इथल्या जुन्या खडकात तो कुठे तरी मोकळा झाला. नंतर तिथे खोदलेल्या ६१७ मीटर खोल छिद्रात सुमारे ३४० मीटरवर बेसाल्ट संपून त्याखाली प्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. आपण ज्याला अभंग कातळ समजत होतो ते जुन्या, ताण सोसणाऱ्या पायावरचे जाड पांघरूण होते. जवळच्या माकणी येथील निम्न तेरणा जलाशयाचा या भूकंपाशी संबंध असावा, असे काही भूवैज्ञानिकांनी मांडले. त्यावर एकमत झालेले नाही. कोयनेबाबत मात्र चित्र बरेच स्पष्ट आहे. तिथे १९६२ पासून पाणी साठू लागले, धक्के सुरू झाले आणि ११ डिसेंबर १९६७ ला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. ताण भूगर्भातलाच होता, पण तो मोकळा होण्याला जलाशयाने चालना दिली, असे आज अभ्यासक मानतात. कोयनेच्या भूकंपाला अंतर्जात म्हणावे की बहिर्जात, याचे एका शब्दात उत्तर मागणारा माणूस विज्ञान विचारत नसून निकाल मागत असतो.

आणि समजा, किल्लारीचा भूकंप पूर्णपणे जमिनीच्या पोटातलाच होता, जलाशयाचा काडीचाही संबंध नव्हता. तरी दहा हजार मृत्यू अंतर्जात ठरतात का? घरे होती दगड-मातीच्या जाड भिंतींची आणि वर मातीच्या जड माळवदाची. उन्हाळ्यात थंडावा देणारे माळवदच झोपलेल्या माणसांवर कोसळले. त्या वेळच्या भूकंपक्षेत्रांच्या नकाशात हा भाग सर्वात कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता, त्यामुळे घरबांधणीत कोणी काळजी घ्यावी असे कोणाला सांगितलेच गेले नाही. १९९२ पासून तिथे लहान धक्के जाणवत होते. भूकंपाचे कारण भूगर्भात होते. आपत्तीचे कारण भिंतीत, नकाशात आणि दुर्लक्षात होते. ‘निसर्गाचा कोप’ म्हणताना आपण या दोन गोष्टी एका शब्दात गुंडाळतो. पुढे २००२ मध्ये भूकंपक्षेत्रांचा नकाशा सुधारताना पहिले क्षेत्रच काढून टाकण्यात आले. देशात धोका नसलेली जमीन नाही, ही ती उशिरा दिलेली कबुली होती.

पाण्याच्या प्रश्नावर सीमारेषेचा खेळ उघडच चालतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तेव्हा मुंबई-पुण्यात सूर असा होता की मांजरा खोऱ्यात ऊस लावलात, आता भोगा, म्हणजे संकट अंतर्जात. मराठवाड्यातला सूर असा की गोदावरीवर नाशिक-नगरकडे धरणे झाली, पैठणला पाणी पोचत नाही, म्हणजे संकट बाहेरून लादलेले. दोघांनी आपापल्या सोयीची रेघ मारली आहे, आणि त्या रेघेपुरते दोघेही खरे बोलतात. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्याने यातून निघायची वाट दाखवली, कारण त्याने जिल्हा किंवा विभाग ही सीमा न धरता नदीचे खोरे ही सीमा धरली. त्यातूनच २०१४ च्या आदेशात, १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचे सूत्र आले. सूत्रावर भांडणे आहेत आणि राहतील. पण एकदा खोरे ही सीमा मान्य केली की वरची धरणेही ‘आत’ येतात आणि खालचा ऊसही ‘आत’च राहतो, मग कोणालाच हात झटकता येत नाहीत. मराठवाड्याच्या नेत्यांना यातला पहिला अर्धा भाग आवडतो, दुसरा नाही, हे इथे नोंदवायलाच हवे.

माझा मुख्य मुद्दा यापुढचा आहे. मानसोपचारात हा शब्द १८९० च्या दशकात पाउल मोबियस या जर्मन डॉक्टरने आणला. बाहेर काही कारण दिसत नसताना, माणसाच्या प्रकृतीतूनच आलेले वाटते ते नैराश्य अंतर्जात. एखाद्या घटनेनंतर आलेले ते प्रतिक्रियात्मक. अनेक दशके डॉक्टरांनी या विभागणीवर काम केले. पण ज्यांना अंतर्जात नैराश्याचे रुग्ण म्हटले जात होते त्यांच्या आयुष्याची बारकाईने चौकशी केली, तेव्हा त्यांच्यातही आजारापूर्वी मृत्यू, नोकरी जाणे, कर्ज, घरातली फूट अशा घटना वारंवार आढळल्या. उलट, तोच आघात सोसलेल्या सगळ्यांना नैराश्य येत नव्हते. शेवटी १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीने कारणावर आधारलेली ही विभागणी सोडून दिली आणि लक्षणांवरून निदान करायचे ठरवले. ज्या शास्त्राने हा भेद माणसाच्या मनाला लावला, त्यानेच तो टाकून दिल्याला चार दशके उलटली आहेत.

आपल्या महसूल खात्यात तो अजून शाबूत आहे. शेतकऱ्याने आत्महत्या केली की तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत चौकशी होते, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे प्रकरण जाते आणि ते ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते. २००६ च्या शासन निर्णयानुसार पात्र कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात, त्यातले ३० हजार लगेच आणि ७० हजार ठेवीच्या रूपात. निकषांचा गाभा असा की नापिकी असावी, कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे, आणि ते फेडण्याचा तगादा असावा. म्हणजे कारण बाहेरचे आहे हे कुटुंबाने सिद्ध करायचे. आजारपण, दारू, घरातले भांडण यांपैकी काही कागदावर आले की कारण ‘आतले’ ठरण्याचा धोका. हीच उतरंड इतर योजनांतही दिसते. शेतकरी अपघाताने, वीज पडून किंवा सर्पदंशाने गेला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून दोन लाख मिळतात, तिथे आत्महत्या आणि नैसर्गिक मृत्यू वगळलेले आहेत. कारण जितके बाहेरचे, तितकी मदत मोठी, असा हा हिशेब कोणी लिहून ठेवलेला नाही, पण तो अमलात आहे.

या हिशेबातली शास्त्रीय चूक आता दिसावी. दोन वर्षे सोयाबीन गेले, सोसायटीचे कर्ज थकले, म्हणून खाजगी सावकाराकडून काढले, झोप उडाली, पिणे वाढले, घरात खटके उडू लागले, अशी साखळी मराठवाड्यातल्या कोणत्याही गावात कोणीही सांगेल. या साखळीतला शेवटचा दुवा उचलून त्यालाच कारण म्हणायचे, की पहिला? समितीच्या कागदावर एकाच कारणाला जागा आहे. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या तक्त्यांतही प्रत्येक मृत्यू एकाच रकान्यात बसवला जातो, आणि ‘कौटुंबिक समस्या’ हा त्यातला मोठा रकाना असतो, जणू कुटुंबाच्या समस्या बाजारभाव आणि पावसाबाहेर कुठे तरी घडतात. परवाना नसलेल्या सावकाराचे कर्ज निकषात बसत नाही, बटईने जमीन कसणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो. त्यामुळे सर्वात अडलेला माणूसच अपात्र ठरण्याची शक्यता जास्त.

याचा दुसरा परिणाम मला अधिक गंभीर वाटतो. निकष असे असल्यावर कुटुंबाचे हित मनाचा आजार लपवण्यात आहे. उपचाराचा कागद असेल तर तो फायलीत न येणेच बरे, असे कोणालाही वाटेल. एकीकडे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरतो आणि तिला उपचार देणे हे सरकारचे कर्तव्य ठरवतो. सरकारच १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस ही समुपदेशनाची सेवा चालवते. दुसरीकडे तेच सरकार मृत्यूनंतर त्या आजाराची नोंद कुटुंबाविरुद्ध वापरण्याची सोय ठेवते. आरोग्य खात्याने म्हणायचे की बोला, आणि महसूल खात्याने म्हणायचे की बोललात तर मदत नाही.

यावर शेतकरी चळवळीतल्या काही मित्रांचा आक्षेप मला ठाऊक आहे. नैराश्याची, समुपदेशनाची भाषा सुरू झाली की हमीभाव, आयात-निर्यातीची धोरणे, सिंचनाचा अनुशेष हे सगळे मागे पडते आणि शेतकऱ्याचे डोकेच बिघडले होते असे म्हणायला सरकार मोकळे होते, असे ते म्हणतात. ही भीती खोटी नाही. पण तिचा उगम ‘आतले म्हणजे त्याचे स्वतःचे’ या समजुतीतच आहे, आणि आक्षेप घेणारे तीच समजूत मान्य करून बोलतात. बाजारभावाने मेंदूत आजार निर्माण होऊ शकतो आणि औषधाने तो आटोक्यात येऊ शकतो, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. औषध लागू पडले म्हणून भाव योग्य होता असे सिद्ध होत नाही. उलट बाजूने अधिकारी विचारतात की कारणाची अट काढली तर खोटी प्रकरणे येतील, आणि मदतीमुळे आत्महत्येला प्रोत्साहन मिळेल. दुसरी शंका अटीने दूर होत नाही, कारण पात्र कुटुंबाला आजही पैसे मिळतातच. पहिलीला उत्तर असे की मृत्यू आणि जमीन कसणे या गोष्टी पडताळता येतात, जिवंत नसलेल्या माणसाच्या मनातले कारण मात्र तलाठ्याला पडताळता येत नाही. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातला कमावता माणूस गेल्यावर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून मिळणारे २० हजार रुपये नुकसानीकडे पाहून दिले जातात. तेच तत्त्व इथे लावायला हरकत नसावी.

म्हणून मागणी दोन कामे वेगळी करण्याची आहे. मदत ही कुटुंबाच्या नुकसानीवर द्यावी: शेती कसणारी व्यक्ती गेली, घरात कोण उरले, देणे किती, मुलांचे वय काय. त्यासाठी सातबाऱ्याबरोबर बटईदाराची आणि शेतात राबणाऱ्या बाईची नोंद कशी धरायची ते ठरवावे लागेल, आणि ते अवघड असले तरी अशक्य नाही. कारणांचा शोध निराळ्या यंत्रणेने, आरोग्य आणि कृषी खात्याच्या माणसांनी मिळून, मदतीचा निर्णय झाल्यानंतर घ्यावा, म्हणजे कुटुंबाला काही लपवावे लागणार नाही. त्या नोंदीत एकाहून अधिक कारणांना जागा असावी आणि कोणते आधी आले, कोणते नंतर, हेही लिहिलेले असावे. आठही जिल्ह्यांचे आकडे विभागीय आयुक्त कार्यालयात एकत्र होतात, तिथे पात्र-अपात्रच्या रकान्याऐवजी ही माहिती आली, तर कुठल्या तालुक्यात पीककर्जाचे वाटप उशिरा होते आणि कुठल्या उपजिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञाची जागा रिकामी आहे, हे एकाच कागदावर शेजारी शेजारी दिसेल. आजचे निकष शासन निर्णयाने आले, त्यांतला हा बदलही शासन निर्णयानेच करता येतो, त्यासाठी विधिमंडळात नवा कायदा आणण्याची गरज नाही.